डोळेवाले काका

लाखनीचे डोळेवाले काका मेलेल्या माणसांचे डोळे उघडून देत. बाहेरगावच्या कोणाला हे सांगितलं की तो दचकतो, पण आमच्याकडे त्यात दचकण्यासारखं कोणाला काही वाटत नसे. गावाकडे कितीतरी माणसं अशी असतात की त्यांचा धड म्हणावा असा फोटो ती गेल्यावरच निघतो. अंगणात ठेवलेलं असतं, पाहुणे यायचे असतात, तेवढ्यात कोणाला तरी सुचतं की म्हाताऱ्याचा फोटोच नाही. मग शेजारचा कोणी मोबाईल काढतो. पुढे तेरवीला पाटावर ठेवायला फोटो लागतो, आणि मिटल्या डोळ्यांच्या फोटोला हार घालायला घरच्यांचा हात उचलत नाही. अशी माणसं तो मोबाईल घेऊन लाखनीची बस पकडत आणि स्टँडवर उतरून विचारत, डोळेवाल्याचं दुकान कुठं आहे. दुकानाच्या पाटीवर वेगळंच नाव होतं. ते कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

काकांचा एक हट्ट होता. डोळे परक्याचे लावायचे नाहीत, घरचेच लावायचे. त्यांनी कॉम्प्युटरवर पन्नास माणसांचे डोळे तयार ठेवले असते आणि येईल त्याला चिकटवले असते तरी कोणाला कळलं नसतं. पण ते मृताचा भाऊ, मुलगा, मुलगी, जो कोणी चेहऱ्यानं सगळ्यात जवळचा असेल त्याला घेऊन यायला सांगत. आतल्या खोलीत निळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवत आणि विचारत, "कसा पाहे तो?" लोक गोंधळून जात. आपला बाप कसा बोलत होता, कसा रागवत होता हे सगळ्यांना सांगता येतं. कसा पाहत होता हे कोणी लक्षात ठेवलेलं नसतं. काका थांबत. "आठव त्याले. बराबर आठवला का मंग माह्याकडं पाह."

आमच्या एकोडी गावच्या एका मुलानं बराच वेळ डोकं खाजवून सांगितलं होतं की बाबा माणसांकडे फारसं पाहत नसत, आभाळाकडे पाहत. त्या म्हाताऱ्याचा फोटो अजून त्यांच्या घरी आहे. हार घालणाऱ्याच्या डोक्यावरून तो पलीकडे कुठंतरी पाहत असतो. त्याची सून मला म्हणाली होती, "जितेपनी बी असेच, मेल्यावर बी असेच."

दुकान हमरस्त्याला लागून होतं, आणि रस्त्यावरून दिवसभर ट्रक जात. भरलेला ट्रक गेला की काकांचं टेबल थरथरे, आणि तेवढ्यात स्कॅनर चालू असला तर चेहऱ्यावर लाट उठे. कपाळ एकीकडे सरकलेलं, नाक दुसरीकडे. म्हणून जुना फोटो काचेवर ठेवला, झाकण लावलं की काका बटणावर बोट ठेवून कान टवकारत. "जाऊ दे त्याले," म्हणत. एक जाई, दुसरा येई. मला मुळात धीर कमी. मी एकदा म्हटलं की काका, हे सगळे ट्रक रायपूरला पोचेपर्यंत थांबायचं का? त्यांनी बोट हलवलं नाही. "मेलेल्याले घाई नसते, बाई. आपल्यालेच असते," एवढंच म्हणाले. पुढे तिथं उड्डाणपूल झाला, ट्रक डोक्यावरून जाऊ लागले, टेबल थरथरायचं थांबलं. काकांचं बोट मात्र बटणावर तसंच थांबत राहिलं.

जुन्या फ्रेमा येत, त्यांत ओलीनं फोटो काचेला चिकटून बसलेला असे. दुसरे फोटोवाले तो ओढून काढायला जात आणि आजीचा गाल काचेला ठेवून येत. काका फ्रेम उघडून फोटो काचेसकट तसाच स्कॅनरवर पालथा घालत, काच आधी स्पिरिटनं पुसून. फोटोला हात लावण्याआधी साबणानं हात धूत, आणि धुतलेले हात कोणाला न लावता डॉक्टरसारखे वर धरून येत. लोकांना गंमत वाटे. मलाही वाटायची.

भांडण होई ते रंगावरून. प्रत्येकाला आपलं माणूस गोरं करून पाहिजे असे. काका ऐकत नसत. "जिंदगीभर धानाच्या बांधीत उन्हात उभा राहिलेला मानूस हाये. गोरा करून ठेवला तं तेरवीले आलेले लोक म्हनतील हा कोन?" कोटाच्या बाबतीत मात्र ते मऊ होते. कोट-टायचा आग्रह सगळेच करत, आणि काकांकडे कॉम्प्युटरवर तीनच कोट होते, दोन काळे आणि एक निळा. त्यामुळे लाखनी आणि साकोली तालुक्यांतल्या किती भिंतींवर किती म्हातारे एकाच कोटात बसले आहेत याचा हिशोब नाही. मी शिक्षिका झाल्यावर गावोगाव जायचे तेव्हा कुणाच्या घरी पाणी प्यायला बसलं की आधी भिंतीकडे पाहायचे. काळा एक नंबर, काळा दोन नंबर, निळा.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण काकूंशिवाय काकांची गोष्ट होत नाही. काकू म्हणजे काकांची दुसरी बायको. माहेर तुमसरचं, वडील राईस मिलमध्ये कामाला. मूलबाळ झालं नाही. दुकानात समोरच्या टेबलाशी बसून त्या फोटो कापत, लॅमिनेशन करत. पासपोर्ट फोटोची कड त्यांच्या हातून कधी वाकडी गेलेली मी पाहिली नाही. बोलत कमी, आणि बोलताना वर पाहत नसत. फोटो घ्यायला आलेल्या माणसाचा हात तेवढा त्यांना दिसे. त्या हातात पाकीट देत. आधी मला वाटलं, लाजाळू असतील. मग वाटलं, डोळ्यांचं काही दुखणं असेल. शिक्षिकांना सगळ्या गोष्टींचं कारण आपल्याला कळलं असं फार लवकर वाटतं.

दुकानाच्या मागे त्यांचं राहतं घर होतं, आणि मधल्या दारातून समोरची भिंत दिसे. त्या भिंतीवर काकांच्या पहिल्या बायकोचा फोटो होता. चोपून नेसलेलं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि समोर रोखून पाहणारे मोठे डोळे. ती काकूंची सख्खी थोरली बहीण होती, लग्नाला वर्ष व्हायच्या आत काविळीनं गेलेली. काकू रोज सकाळी आंघोळ करून तो फोटो पुसत आणि त्याला कुंकू लावत. तेवढं करून दुकानात येत आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसत.

काकांकडे मी पहिल्यांदा गेले ती बाबांबरोबर, ताई गेल्यावर. माझी बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मेंदूत ताप गेला म्हणाले, चार दिवसांत सगळं आटोपलं. तिचं लग्न ठरलेलं होतं. तिचा एकच चांगला फोटो होता आणि तो सोयरिकीच्या वेळी मुलाकडच्यांना दिलेला होता. ते लोक पाचव्या दिवशी भेटायला आले. रडले, बसले, आणि निघताना मुलाच्या मामानं बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की झालं ते वाईट झालं, पण आपलं नातं तुटायला नको, धाकटी आहे. आमच्याकडे हे नवीन नाही. थोरली गेली की धाकटी देतात, आणि त्यात कोणी वाईट केलं असं कोणी मानत नाही. बाबा काही बोलले नाहीत. आमच्याकडे बाप बोलला नाही म्हणजे हो.

फोटो परत मागितला असता तर नातं तोडलं असा अर्थ झाला असता, म्हणून बाबांनी मागितला नाही. घरात राहिलेला फोटो म्हणजे ताईच्या दहावीच्या हॉल तिकिटावरचा. त्यावर शाळेचा शिक्का होता, पावसात भिजून त्याची शाई तिच्या चेहऱ्याभर पसरलेली. मग चुलतभावानं अंगणात काढलेला शेवटचा फोटो घेऊन आम्ही लाखनीला आलो.

काकांनी माझा चेहरा पाहिला आणि मान हलवली, म्हणजे चालेल. स्टुलावर बसवलं. "कशी पाहे तुही ताई?" मी म्हटलं, हसत पाहायची. "आठव तिले." मी आठवायला बसले, आणि मला ताई आठवेना. मला तो मामा आठवत होता, त्याच्या हातातली पांढरी टोपी, आणि त्याचा भाचा, जो भेटायला आला तेव्हा ताईसाठी लावलेल्या दिव्याऐवजी माझ्याकडे पाहत होता. काकांनी पाच-सहा फोटो काढले. प्रत्येक वेळी म्हणत, "तिले आठव, पोरी." नंतर त्यांनी ते कॉम्प्युटरवर घेतले आणि त्यांतले माझे डोळे मोठे करून पाहू लागले. सगळा पडदा भरून माझा एक डोळा. मला स्वतःचीच भीती वाटली.

तेवढ्यात एक गोष्ट झाली, तिचा अर्थ मला फार पुढे कळला. काकू समोरच्या टेबलावरून उठल्या आणि काकांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वर मान करून पडद्याकडे पाहिलं. काका मागे वळले तोवर त्या परत जाऊन बसल्या होत्या आणि कात्री चालू होती.

काकांनी माऊस सोडला. मग बाबांना म्हणाले, "भाऊ, याच्यात फोटो बनत नाही."

"काहून? चेहरा तं दोघींचा सारखाच हाये."

"चेहरा हाये. पन हे डोळे ताईले आठवून नाही राहिले. तुमाले भेऊन राहिले." बाबा पाहतच राहिले. "पोरीले विचारा काय भेव हाये तिले. मंग या. मी हे लावून देलं तं तुमच्या भिंतीवर जलमभर असंच राहीन."

"तेरवी चार दिवसांवर हाये," बाबा म्हणाले.

"होऊ द्या."

बाबांना राग आला. पैसे घेऊन काम करणाऱ्यानं शहाणपण शिकवावं, याचा त्यांना नेहमीच राग येई. तावातावानं आम्ही स्टँडवर आलो. बस यायला वेळ होता. बाबांनी मला चहा घेऊन दिला, स्वतः घेतला नाही, आणि रस्त्याकडे पाहत विचारलं, "तुले नाही करायचं का ते लग्न?" नाही करायचं, म्हणून मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून बाबा एकटेच त्या लोकांकडे गेले आणि संध्याकाळी परत आले. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ताईचा तो फोटो मात्र त्या लोकांनी परत दिला नाही. हरवला म्हणाले.

तेरवीला पाटावर नुसता दिवा होता. पाहुणे कुजबुजले, आत्या तोंडावर बोलली की पोरीचा एक फोटो जमला नाही का तुमच्यानं. माय रडत होती. तेरवीनंतर आम्ही पुन्हा लाखनीला गेलो. या वेळी स्टुलावर बसले आणि काकांनी विचारायच्या आतच मला ताई आठवली, माझी वेणी घालताना आरशातून माझ्याकडे पाहणारी. काकांनी एकच फोटो काढला. तो आमच्या भिंतीवर आहे. त्यातली ताई ताईच वाटते. डोळे माझे आहेत हे मलाही कधी कधी आठवावं लागतं.

पुढे मी डी.एड. केलं, लाखनीजवळच्या शाळेत लागले. मुलांचे ओळखपत्राचे फोटो, शाळेच्या जुन्या रजिस्टरातले फोटो, कसलंही निमित्त करून काकांकडे जायचे. एका दुपारी काकू लग्नाला तुमसरला गेल्या होत्या. काका एकटेच होते, आणि मी सहज विचारलं की त्या दिवशी तुम्हाला माझ्या डोळ्यांत कसं दिसलं? त्यांनी मधल्या दारातून त्या भिंतीकडे बोट केलं.

"हे डोळे कोनाचे हायेत, माहीत हाये का तुले?"

मला वाटलं होतं, त्यांच्या पहिल्या बायकोचे. फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो नसेल असं कोणाच्या मनात येईल? पण काका तेव्हा धंद्यात नवीन होते, आणि स्वतःच्या लग्नाचा रोल त्यांनी उतावळेपणानं उजेडात उघडला होता. सगळा काळा झाला. त्यांना वाटलं, काढू पुढे, घरचीच बायको आहे. मग ती आजारी पडली. तिचा शेवटचा फोटो त्यांनी स्वतः काढला, डोळे मिटलेला. तेरवीच्या आधीच दोन्ही घरांनी ठरवून टाकलं की धाकटी द्यायची. तिला डोळ्यांसाठी त्याच स्टुलावर आणून बसवलं. एकोणीस वर्षांची होती. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. एका फोटोतले डोळे ब्लेडनं कापून दुसऱ्यावर चिकटवायचे, त्याचा पुन्हा फोटो काढायचा आणि जोड ब्रशनं बुजवायची. काकांनी ते काम फार मन लावून केलं. सगळ्यांनी वाखाणलं. महिन्याभरानं लग्न झालं.

"अन् मंग, लय वर्सानं, हा स्कॅनर आनला," काका म्हणाले. "पयला फोटो तोच ठेवला काचीवर. पिवळा पडला होता, म्हटलं नवीन करतो. तिले बी बोलावलं, पाह म्हटलं कसा दिसते. अन् डोळे मोठे केले."

ते थांबले. रस्त्यावरून ट्रक गेला, दुसरा गेला.

"भेव होतं, बाई. निस्तं भेव. मोठं करत गेलो, तं दुसरं काहीच नाही त्याच्यात. मी समजत होतो लाजून राहिली. फोटोवाला मानूस मी, काढताना दिसलं नाही असं कसं म्हनू? दिसलंच असन. मले पाह्यचं नव्हतं." मग म्हणाले, "ती माह्या मांगच उभी होती. तिनं पाह्यलं अन् चहा मांडाले गेली."

काकांनी तो फोटो भिंतीवरून काढायला घेतला तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "राहू द्या. माही बह्यीन हाये ते."

तेव्हापासून काकांची एकच इच्छा होती. काकूंनी एकदा, एकदाच, त्यांच्याकडे सरळ पाहावं. दर दिवाळीला ते काकूंना नवीन साडी नेसून निळ्या पडद्यासमोर बसायला लावत. काकू नाही म्हणत नसत. बसत. आणि काकांच्या शर्टाच्या बटणाकडे पाहत. एका दिवाळीला मी तिथं होते. काका कॅमेऱ्यामागून आर्जवानं म्हणत होते, "एकदा पाह ना माह्याकडं," आणि म्हातारपणाकडे झुकलेला तो माणूस त्या वेळी इतका लहान झाला होता की मी पाहू शकले नाही, बाहेर जाऊन उभी राहिले. कितीतरी दिवाळ्यांचे फोटो होते काकूंचे. सगळ्यांत पापण्या.

मला राहवलं नाही. मी आगाऊ आहे, हे माझी मायही सांगेल. एकदा काका बँकेत गेले असताना मी काकूंना म्हटलं, काकू, एकदा पाहा ना त्यांच्याकडे, किती वाट पाहतात. मला वाटलं, मला या घरानं वाचवलं, तर मी यांच्यासाठी एवढं करावं. काकूंनी हातातली कड पूर्ण कापली. कात्री खाली ठेवली.

"पाह्यलं होतं ना एकदा," त्या म्हणाल्या. "त्याचं काय केलं, ते भिंतीवर लटकून हाये."

हे त्यांनी चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या. काकांना मी हे कधीच सांगितलं नाही.

नंतर दिवस बदलले. मुलं मोबाईलवरच आजोबांचे डोळे उघडू लागली. एकानं तर काकांना दाखवायला आणलं: त्याचा मेलेला आजा मोबाईलवर पापण्या हलवत होता, हसत होता, मान डोलवत होता. काकांनी चष्मा वर करून ते दोन-तीनदा पाहिलं. "हा कोनाकडं पाहून हासून राहिला?" त्यांनी विचारलं. त्या मुलाला प्रश्नच कळला नाही. गिऱ्हाईक कमी झालं. काकूंच्या टेबलावर कापायला फोटो नसत, तरी त्या तिथंच बसत, हात मांडीवर ठेवून.

काकू धानाची कापणी संपता संपता गेल्या. चार-पाच दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात होत्या, काका उशाशी. शेवटपर्यंत शुद्धीत होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला, आणि नजर त्या हातावरच ठेवली.

बाराव्या दिवशी मी दुकानात गेले. शटर अर्धं खाली होतं. काका कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि पडद्यावर दोन्ही बहिणी शेजारी शेजारी होत्या. एकीकडे भिंतीवरचा फोटो. दुसरीकडे काकू, दिवाळीच्या साडीत, पापण्या खाली. काकांनी थोरलीचे डोळे माऊसनं आखून घेतले होते, उचलायला.

"तिचेच हायेत," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "वापस देऊन टाकतो. रक्ताचे पायजे म्हनतो ना मी. हे तं तिचे सोताचेच."

त्यांनी डोळे उचलले आणि काकूंच्या चेहऱ्यावर नेऊन ठेवले. बसले अगदी बरोबर, कुठं ओढावं लागलं नाही. साठीला टेकलेल्या काकू एकोणीस वर्षांच्या भीतीनं आमच्याकडे पाहू लागल्या. काका ते मोठं करत गेले, आणखी मोठं केलं, आणि मग त्यांचा हात थांबला.

"अजून बी तसेच हायेत," ते म्हणाले.

त्यांनी ते पुसून टाकलं. पापण्या पुन्हा खाली आल्या. तसाच फोटो त्यांनी छापायला दिला.

तेरवीला पाटावर मान खाली घातलेल्या काकू होत्या. लोक कुजबुजले. साऱ्या तालुक्याचे डोळे उघडले आणि स्वतःच्या बायकोचे उघडता आले नाहीत, असं कोणी तरी काकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालं. काकांनी आलेल्या प्रत्येकाला पान वाढलं. त्यानंतर त्यांनी कोणाचेही डोळे उघडून दिले नाहीत, आणि दीड वर्षानं तेही गेले. त्यांचा फोटो पुतण्यानं मोबाईलवरून करून घेतला. त्यात ते गोरे आहेत आणि कोटात आहेत. पण मला काका आठवतात ते तसे नाहीत. मला काकूंच्या तेरवीची ती दुपार आठवते.

पंगती उठल्या होत्या. भांडी घासायचा आवाज मागून येत होता. मी निघते म्हणायला गेले तर काका दुकानात त्या निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसले होते. मी त्यांना तिथं बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"तुह्याशी बोले ती," ते म्हणाले. "माह्यासंग कामापुरतंच बोले. तुले काही म्हनलं का तिनं कधी? माह्याबद्दल?"

मी खांद्यावरची पिशवी सावरली.

"एवढ्या वर्सात माफ केलं असन का मले?"

हो म्हणणं किती सोपं होतं. शाळेत पालकांशी मी रोज गोड खोटं बोलते. काकूंचं ते वाक्य माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं आणि आता काकूही नव्हत्या. या माणसानं माझं आयुष्य वाचवलं होतं, आणि त्याला माझ्याकडून एक शब्द पाहिजे होता, बस. मी तोंड उघडलं. काका स्टुलावरून थोडे पुढे झुकले आणि माझ्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे पाहू लागले.

मी खाली पाहिलं. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं.

"बरं," काका म्हणाले.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.